एक वीत चार बोटं

आमच्या शाळेत घाई नसलेला माणूस एकच होता, खोडदे सर. घंटा झाली की आम्ही बाकीचे खडू-डस्टर घेऊन वर्गाकडे सुटायचो. सर मात्र कपातला शेवटचा घोट संपवायचे, कप विसळायचे, तो फडक्यावर पालथा घालायचे आणि मग उठायचे. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं की म्हणायचे, "जातो की. खडक कुठं पळून जातोय?" त्या दिवशी खडक शिकवायचा नसून बेडकाची पचनसंस्था शिकवायची असली तरी उत्तर हेच. पुढे याच वाक्याने त्यांच्यावर असा सूड उगवला, की अजूनही कुणी सहज म्हणालं, "काय पळून जातंय का?" तर मी हातातलं काम टाकून वळून बघते.

शाळा पारनेर तालुक्यातली, डोंगराच्या उतारावर पत्र्याच्या सहा खोल्यांची. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. अठरा वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. तरी त्यांच्या घरचं मला जे काही ठाऊक आहे ते इतरांकडून कळलेलं. बायको लवकर गेली, मुलगा पुण्यात नोकरीला, जेवण हातानेच करून खातात, एवढंच. स्वतः सर सहा कोटी वर्षांच्या अलीकडचं सहसा काही बोलत नसत.

त्यांना वेड होतं महाविनाशाचं. पृथ्वीवर जीव आले, वाढले, पसरले आणि पाच वेळा जवळजवळ पुसले गेले, हे त्यांच्या डोक्यात घर करून बसलेलं. अभ्यासक्रमात त्याला उण्यापुऱ्या चार ओळींची जागा होती. सर त्या चार ओळींवर आठवडा घालवायचे. पोरांनी त्यांचं नाव 'प्रळयसर' ठेवलं होतं, आणि आम्ही मोठे काही पोरांपेक्षा शहाणे नव्हतो. चहाची साखर संपली की शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणायचंच, "सर, सहावा प्रळय आला." सर मनापासून हसायचे. चेष्टा कळत नव्हती असं नाही. पण निदान सहावा म्हणाले, म्हणजे आधीचे पाच यांना ठाऊक आहेत, याचं त्यांना समाधान असावं.

त्यांच्याकडे एक सुती दोर होता, शेहेचाळीस हात लांब. एक हात म्हणजे दहा कोटी वर्षं. दिवाळीची सुट्टी संपली की नववीचा वर्ग घेऊन ते शाळेमागच्या नामदेव अण्णांच्या शेतात जायचे आणि बांधावर तो दोर अंथरायचे. एका टोकाला पृथ्वीचा जन्म, दुसऱ्या टोकाला आज. पोरांनी जन्मापासून चालत यायचं. चालतात, चालतात, काहीच नाही. निम्म्याहून जास्त दोर ओलांडला तरी डोळ्यांना दिसेल असा जीव नाही. पोरं कंटाळायची, ढकलाढकली करायची. मग शेवटच्या साडेचार हातांत लाल चिंध्या बांधलेल्या पाच गाठी लागायच्या. सर एकेका गाठीशी उकिडवे बसायचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं सांगावीत तसं सांगायचे. इथे बर्फ पडला आणि समुद्र आटला. इथे पाण्यातला प्राणवायू संपला. इथे आणि इथे जमीन फाटून आग वाहिली. शेवटची गाठ टोकापासून एक वीत चार बोटं. तिच्या अलीकडे, दोराच्या अगदी शेवटी, एक धागा सुटून लोंबत असायचा. त्या धाग्याच्या जाडीइतका माणूस.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी लाडात येऊन विचारलं, की आपल्या संस्थेचे संस्थापक या दोरावर कुठे येतील. सरांनी चष्मा काढला, तो धागा थुंकी लावून वळला, उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, याचा एकेक तंतू सुटा केला तरी त्यात न्हाई दिसायचे." साहेबांनी शेऱ्यात 'शिक्षकांनी अभ्यासक्रमास धरून शिकवावे' असं लिहिलं. मुख्याध्यापक महिनाभर सरांशी धड बोलले नाहीत. सरांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दोर झाला की पोरं अण्णांच्या विहिरीच्या काठावर यायची. विहीर जुनी, रुंद, दगडात खोदलेली. वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण आणि मधे कमरेइतका जाड तांबडा पट्टा. गावात त्याला गेरू म्हणतात. विहीर खोदताना तो लागला की लोक कपाळाला हात लावतात, कारण तो ढासळतो. सर पोरांना सांगायचे, हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. आपला तालुका, आपला जिल्हा, आपलं देऊळ, सगळं या लाव्ह्यावर बसलंय. ज्या वेळी डायनासोर संपले त्याच वेळची ही आग. आभाळातून तिकडे एक प्रचंड दगड पडला आणि इकडे जमिनीतून हे वाहत होतं. दोघांपैकी खरा गुन्हेगार कोण यावर मोठमोठे लोक अजून भांडतात. "भावकीतल्या भांडणासारखं हाय ते," सर म्हणायचे. "एकट्याचं काम न्हाई." मग दोराची ती शेवटची गाठ तळहातावर धरून दाखवायचे. ही अख्खी विहीर या एवढ्या गाठीत मावते, म्हणायचे. पोरं गाठीकडे बघायची, विहिरीत बघायची आणि गप्प व्हायची. नववीचा वर्ग गप्प झालेला मी एरवी पाहिलेला नाही.

पण त्यांचा जीव काळ्या दगडात नव्हता, तांबड्या पट्ट्यात होता. लाव्हा वाहिला आणि थांबला. वरचा दगड कुजून त्याची माती झाली. हजारो वर्षं पाऊस पडला, झाडं उगवली, किडामुंगी आली. मग पुन्हा आग आली आणि ती माती भाजून लाल झाली. सर म्हणायचे, त्या मातीवर जे जगत होतं त्याला वाटलं असेल, झालं ते झालं, आता संपलं. आपण तेवढीच मधली माती बघतो आणि तिलाच जग समजतो. एवढं सांगून ते माझ्याकडे बघायचे, कारण मराठीची बाई म्हणून अशा वाक्याला मी मान डोलवायची असा आमचा न बोललेला करार होता.

तिसऱ्या गाठीचा तास ते वर्गात घ्यायचे. सगळ्यांत मोठा विनाश तो. शंभरातल्या नव्वदांच्या आसपास जाती गेल्या. फळ्यावर ते वर्गातल्या चाळीस जणांची नावं लिहायचे आणि एकेक पुसत जायचे, चार उरेपर्यंत. एका वर्षी नाव पुसलेली एक मुलगी रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत हजर. माझ्या पोरीचं नाव पुसणारे तुम्ही कोण, असा सरळ सवाल. मुख्याध्यापकांनी सरांना माफी मागायला लावली. सरांनी ती मागितली, आणि मग त्या बाईला सगळं समजावून सांगत बसले. जमिनीतून आग आली, तिने खालचा कोळसा पेटवला, हवा तापली, समुद्र आंबला. बाई ऐकून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "मंग जे चार ऱ्हायले, त्येंनी काय केलं?" सर उठून उभेच राहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, म्हणाले. उरले ते काही पहिलवान नव्हते. डुकराएवढं एक जनावर होतं, बीळ करून राहायचं, मिळेल तो पाला खायचं. कमी लागायचं म्हणून राहिलं. बाई म्हणाली, "म्हंजी आमच्यावानी." त्या दिवसापासून ती आणि सर रस्त्यात भेटले की घटकाभर उभे राहून बोलायचे.

म्हाताऱ्या माणसांना ते हटकून एक विचारायचे, शेवटचं गिधाड कधी पाहिलं? गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती, तिथे एके काळी गिधाडांची झुंबड असायची. जनावरांना दुखण्यावर जे औषध टोचायचे ते मेलेल्या अंगात राहायचं आणि ते मांस खाऊन गिधाडं गेली. हे सरांनीच गावाला सांगितलं. पण शेवटचं कधी पाहिलं, हे कुणालाच सांगता यायचं नाही. नामदेव अण्णांनी पुष्कळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, "सर, शेवटचं हाय असं त्यानं सांगितलं अस्तं तर नीट बघितलं अस्तं." सरांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. पण सर मला म्हणाले होते, या गावात माझं बोलणं कळणारा एक तो आहे आणि अर्ध्या तुम्ही. अर्धं म्हटल्याचा मला राग आला होता. आता वाटतं, तेही जास्तच म्हणाले.

अण्णांना विहिरीच्या बांधकामासाठी सरकारी योजना मंजूर झाली. आतून सगळीकडून काँक्रीटची भिंत, आणि गवंडी कामालाही लागला. सरांनी ऐकलं आणि त्या दिवशी कप न विसळता उठले. मी त्यांच्या मागे गेले. बांधावर जाऊन त्यांनी अण्णांपुढे अक्षरशः हात जोडले. सगळं बांधा, पण एका बाजूला चार हात रुंदीची पट्टी उघडी ठेवा, पोरांना तांबडा पट्टा दिसू द्या. अण्णांची मुलगी सरांकडे शिकून नर्स झालेली. अण्णा लगेच हो म्हणाले. गवंडी मात्र थापी खाली ठेवून उभा राहिला.

"सर, गेरूला पानी लागलं की त्यो फुगतो," गवंडी म्हणाला. "वरचा समदा दगुड त्याच्यावर बसलाय. उघडा ठिवू नगा."

सर हसले. त्यांनी गवंड्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी ही विहीर वीस वर्षं बघतोय. बोटभर हललेली न्हाई. खडक कुठं पळून जातोय?"

गवंडी अण्णांकडे बघत राहिला. अण्णा म्हणाले, सर म्हनत्यात तर ठिव.

मी तिथे होते. मला त्या गवंड्याचं हसू आलं, हेही सांगून टाकते. थापी धरणारा माणूस सरांना दगड शिकवतो म्हणून. ओला गेरू सुटतो हे सरांनी स्वतः नववीला शिकवलेलं, मी मागच्या बाकावर बसून ऐकलेलं. पण त्या वेळी ते ना त्यांना आठवलं ना मला. उलट मी एक पाटी रंगवून दिली, माझ्या चांगल्या अक्षरात, 'पृथ्वीची खिडकी'. मुख्याध्यापकांनी ती विहिरीच्या काठावर लावली. दुसऱ्या शाळांच्या सहली येऊ लागल्या. पाटीपाशी उभं राहून आम्ही सगळ्यांनी फोटो काढून घेतले. ज्यांना पाच गाठींपैकी एक सांगता आली नसती तेही त्या फोटोंत आहेत.

तिसऱ्या वर्षी परतीचा पाऊस असा झाला की विहीर काठोकाठ भरली. महिनाभर तो पट्टा पाण्यात भिजत राहिला. मग उघडीप पडली आणि अण्णांनी कांद्याला पाणी द्यायला मोटार चालू केली. पाणी झपाट्याने खाली गेलं. सकाळी अकराच्या सुमारास, आमची लहान सुट्टी चालू असताना, आवाज आला. भिजलेला गेरू भिंतीतून सुटला, त्याच्यावरचा दगड खाली बसला आणि स्टार्टरच्या पेटीपाशी उभे असलेले अण्णा काठासकट आत गेले. लोकांनी त्यांना जिवंत वर काढलं. खुब्याचं हाड मोडलेलं, उजवा पाय चिरडलेला. नगरच्या दवाखान्यात दीड महिना काढून ते घरी आले, पण पायातला जोर परत आला नाही.

शाळेने सगळ्यात आधी काय केलं तर पाटी काढली. अण्णा अजून दवाखान्यात होते. त्यानंतर चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून एक कागद पुढे केला. विहिरीची भेट आणि ती उघडी पट्टी हा खोडदे सरांचा वैयक्तिक छंद होता, शाळेचा त्याच्याशी संबंध नव्हता आणि बाकी कर्मचाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती, असा मजकूर. कल्पना नव्हती. पाटी माझ्या अक्षरातली, आणि मला कल्पना नव्हती. तीन सह्या झाल्या होत्या. पेन माझ्याकडे आलं.

सर समोरच बसले होते. त्यांनी कागद मागून घेतला, पूर्ण वाचला आणि मला परत दिला. "करा सही, बाई. बरोबर लिहिलंय." मग थोड्या वेळाने, जणू एखाद्या पोराची चूक दाखवावी तसं म्हणाले, "मी वीस वर्षं म्हणालो होतो. तुम्ही ऐकलंत ना? मी. वीस वर्षं."

मी ऐकलं होतं. आपल्या आयुष्याएवढीच पृथ्वी मोजणाऱ्यांना जो माणूस जन्मभर हसला, त्याने भिंतीचा भरवसा धरताना आपलीच वीस वर्षं मोजली होती. शेहेचाळीस हात दोर हातात असून. हे मला तिथल्या तिथे कळलं, आणि कळूनही मी सही केली. चौथी सही माझी आहे. अक्षर चांगलं आहे.

त्यांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. ती त्यांनी पुस्तकातले धडे वाचून दाखवत काढली. घंटा झाली की सगळ्यांच्या आधी उठायचे. साखर संपली तरी आता कुणी काही बोलत नव्हतं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं आणि मी भाषण केलं. त्यांचा साधेपणा, त्यांचा वक्तशीरपणा, असं काहीबाही बोलले. वक्तशीरपणा म्हटल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. विहिरीचं नाव मी घेतलं नाही. घेतलं असतं तर समोर बसलेल्या सगळ्यांना आपापली सही आठवली असती.

गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी अण्णांकडे गेले. इतकी वर्षं त्या वस्तीकडे जायचं मी टाळलं होतं. संध्याकाळचे पाच वाजले असतील. अण्णांची बायको भामाकाकू ओसरीवर लसूण सोलत बसली होती. विहिरीला आता सगळीकडून काँक्रीट, तांबड्याचा मागमूस नाही. अंगणात गोठ्यापासून घरापर्यंत कमरेच्या उंचीवर एक दोर ताणलेला, मधे मधे बांबूंचा आधार दिलेला. दोराला धरून अण्णा उजवा पाय ओढत गोठ्याकडून घराकडे येत होते. त्यांच्यापासून दोन हातांवर, मागे मागे चालत, खोडदे सर.

दोर मी ओळखला. दोन्ही टोकांना वेगळी सुतळी जोडून तो बांधलेला होता. बांधण्यात हात-दीड हात वाया जाऊ नये म्हणून. हे सरांशिवाय कुणाला सुचणार?

भामाकाकूला मी हळूच विचारलं, रोज येतात? ती म्हणाली, रोज, पाऊस असो ऊन असो. अण्णा बोलतात का त्यांच्याशी, विचारलं. तिने लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

"न्हाई बोलत. वंगाळबी बोलत न्हाईत. सरांनी काय मुद्दाम केलं व्हय? समदं कळतं त्येंस्नी, बाई," ती म्हणाली. "पर उंबऱ्याच्या आत या म्हनायला तोंड उचलत न्हाई."

अण्णा गाठींपाशी आले. चिंध्यांचा लाल रंग आता विटून मातीसारखा झाला होता. प्रत्येक गाठीवर ते दम घेत. पहिली. दुसरी. तिसरीवर जास्त वेळ थांबले. सर त्यांच्या पावलांकडे बघत होते. एरवी इथे त्यांनी समुद्र आंबल्याचं सांगितलं असतं.

सरांनी मला पाहिलं, ओळखलं आणि मान हलवली. मी पत्रिका दोन्ही हातांत धरून उभी होते. विचारलं, बरं चाललंय ना सर? ते म्हणाले, "चाललंय. आज तीन वेळा गोठ्यापासून इथवर आले ते."

शेवटच्या गाठीच्या पुढे दोर एक वीत चार बोटंच उरतो. मग सुतळी, मग खांब. खांबापासून उंबऱ्यापर्यंत दोन पावलांचं अंतर आहे, तिथे धरायला काही नाही. सर भरभर पुढे आले, खांब आणि उंबरा यांच्या मधे उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. तळवा वर, पोरांपुढे गाठ धरायचे तसा.

अण्णांनी दोर सोडला. क्षणभर ते नुसते उभे राहिले, कशालाही न धरता. मग सरांच्या हाताशेजारून त्यांचा हात गेला आणि त्यांनी दाराची चौकट धरली. उंबरा ओलांडून ते आत गेले.

सरांनी हात खाली घेतला, सदऱ्याला पुसला आणि खांबाची सुतळी सैल झाली होती ती घट्ट करायला वाकले. मी म्हणाले, सर, येतील हळूहळू. मागे न बघता ते म्हणाले, "व्हय. घाई न्हाई." आणि दोन पावलांची ती जागा सोडून, उंबऱ्याकडे पाठ करून, उद्या पाचला पुन्हा यायचं म्हणून निघाले.